खोक्यातल्या विटा

पोलीस चौकीच्या बाकावर दोघे फेरीवाले भाऊ तक्रार द्यायला बसले होते. समोर टीव्हीवर विनोदी मालिका चालू होती; तीत एक ठग स्वस्तात मिक्सरची बंद खोकी विकत होता. शेजारच्या घड्याळवाल्याचे डोळे मालिकेवर होते, कान मात्र या दोघांकडे.

“दादा, बघ, आता तो एकच खोकं उघडून मिक्सर दाखवणार. बाकीच्यांत विटा!”

“तुला कसं ठाऊक?”

“मागच्या महिन्यात पाहिलाय हा भाग.”

“मागच्या महिन्यात? आणि परवा तशीच खोकी मला घ्यायला लावलीस? तुझ्या वहिनीच्या बांगड्या मोडल्या मी त्या विटांपायी!”

“हळू, लोक बघतायत.”

“बघू देत! तू बघून काय दिवे लावलेस?”

“विनोदी होतं रे... मी नुसता हसलो.”

“मग ऊठ. घरी चल, आणि तिच्यासमोर हस!”