हौसाबाईनं वेताळाला खडसावलं

ऐका रं पोरांनो. शेकोटीजवळ सरका, आणि मधी तोंड घालू नका!

आपल्या देवराईतनं अवसेला वेताळाची पालखी निघती, भुताखेतांची, ठाऊक हाय न्हवं? एका साली दर अवसेला राईत घरघर व्हायची. उग्र वास सुटायचा. गाव दारं लावून गप पडायचं, कोण मरायला बघतंय! सकाळी ओढ्यावर फेस, मासे उताणे. मग बेडकं गेली. काठची जांभळं उभी वाळली, मोहोळं उठून गेली. गाव म्हणे, वेताळ कोपला, नारळ द्या.

हौसाबाई गुरवीण भडकली. राईची पूजा तिच्या घरची. "नारळानं ओढा निवळतोय व्हय?" म्हणाली. कंदील घेतला, निघाली. अवसेची रात्र, आणि एकटी बाई!

राईच्या तोंडाशी कंदील विझला. असंल वारा! मग मागनं मेलेल्या सासूची हाक, "हौसे, माघारी फीर!" सासूचं जित्तेपणी ऐकलं नाही, आता काय ऐकती! मग वाटच फिरली. चालती, चालती, पुन्हा तीच वाळकी जांभळ. पुन्हा तीच! चकवा, बाबांनो! आणि खांद्यावर हात पडला. गारढोण.

"माझ्या पालखीच्या वाटंत कोण हाय?"

वेताळच की! बाईनं समोर बोट केलं. म्हणाली,

"तुझी पालखी? नीट बघ की देवा, डोळं फुटलं का तुझं?"

समोर दिवे लावून, ओढ्यात पाइप सोडलेला टँकर! कारखान्याचं काळं पाणी भसाभसा पडतंय, आणि ड्रायव्हर बिडी ओढतोय.

"तुझ्या भ्यानं आम्ही दारं लावली, आणि ह्यो तुझं रान मारतोय. मला बाईमाणसाला काय चकवतोस? धमक असंल तर त्याला चकव!"

खांद्यावरचा हात सुटला.

झालं! ड्रायव्हर गाडी वळवून निघाला, तर राईला फेरा. पुन्हा फेरा. डिझेल संपेस्तोवर फेरेच! तोवर हौसाबाईनं गावची दारं बडवली, "उठा, पालखी बघायला चला!" उजाडताना ड्रायव्हर तिच्या पायाशी. "मावशी, बाहेर काढा, पुन्हा ह्या वाटंला येणार न्हाई!" त्याला सोडला बाईनं. टँकर नाही सोडला. सगळं गाव चाकापुढं बसलं, पोलीस येईस्तोवर.

म्हातारी माणसं सांगायची, अवसेला त्या वाटेनं जाऊ नका. मी सांगतो, टँकरवाल्यांनी जाऊ नये. आपण जायचं, राखणीला! ओढ्यात अजून एकबी बेडूक बोलत नाही, आणि कारखान्याकडं दुसरे टँकर हायत.

आज अवस हाय. उठा, चपला घाला.