बाबांची जीभ

"हॅलो?… हॅलो, छोटे?… हो, हो, मीच… अगं, आधी रडणं थांबव… थांबव म्हणते ना! बाबा बरे आहेत… अगदी बरे… नाही, हॉस्पिटलात नाही, घरीच आहोत… काही लपवत नाहीये गं, तुझी शप्पथ!… गाडी काढली? आत्ता?… नवऱ्याला म्हणावं, बंद कर गाडी. तू खाली बस आणि अगं, ऐक ना…"

ताई बाबांच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. दार तिनं लोटून घेतलं होतं. हातातला पाण्याचा ग्लास नुसता धरलेलाच होता, प्यायचं राहूनच गेलं होतं. थोड्या वेळापूर्वी याच हातानं तिनं मेसेज पाठवला होता: 'बाबांना झटका आलाय. बोलता येत नाहीये.' आणि आता धाकट्या बहिणीपुढे तो मेसेज परत कसा घ्यायचा, हे तिला समजत नव्हतं.

"हो, मीच पाठवला… झटका म्हणजे, मला वाटला झटका… अगं, तू असतीस तर तूही तेच म्हणाली असतीस! नीट ऐक. मी आज न कळवताच डबा घेऊन आले. माझ्याकडची किल्ली लावली, आत आले, हाक मारली. उत्तर नाही. आणि बाथरूममधून आवाज… कसला म्हणजे, गुळण्यांचा! घशातून खर्र… खर्र… म्हटलं, घशात काही अडकलं की काय. धावत गेले तर बाबा आरशासमोर उभे. तोंड वाकडं… वाकडं म्हणजे ओठांचा चंबू, पुढे काढलेला, आणि डोळे असे ताणलेले. मी किंचाळलेच. तर वळून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात काय? 'तू… आ… केलाज?'… अगं, मला तरी काय कळणार! मला वाटलं, मराठीच आहे पण तुटतंय. 'तू आ केलं आज?' असं काहीतरी विचारतायत. मी म्हटलं, 'बाबा, कसला आ? काय केलं आज?' तर पुन्हा तेच. 'तू आ केलाज?'

"…हो ना! आणि परवाच आमच्या ऑफिसात ते प्रथमोपचाराचं शिबिर झालं. तोंड वाकडं होतंय का बघा, दोन्ही हात वर होतात का बघा, बोलणं अडखळतंय का बघा. मी म्हटलं, 'बाबा, हात वर करा.' त्यांनी एकच केला! दुसरा पाठीमागेच. मी म्हटलं, 'दुसरा?' तर मान हलवली. नाही म्हणून… अगं, नंतर कळलं! पाठीमागे मोबाईल लपवला होता. त्या मोबाईलमध्ये फ्रेंच शिकवणारी बाई बोलत होती… फ्रेंच… हो, फ्रेंच. बरोबर ऐकलंस तू. आपले बाबा फ्रेंच शिकतायत."

ताईनं ग्लास ओट्यावर ठेवला.

"हॅलो?… आहेस ना?… नाही, थट्टा नाही करत. मी खालच्या डॉक्टरांना बोलावून आणलं… तेच, दातांचे. रविवारच्या दिवशी कोण मिळणार? दातांचे का असेनात, डॉक्टर तर आहेत. बिचारे अर्ध्या दाढीवर साबण तसाच ठेवून वर आले. बाबांना म्हणाले, 'आजोबा, एखादं साधं वाक्य बोला बघू.' आणि बाबा ढिम्म! बोट वर करून खुणावतात, थांबा. नंतर मला म्हणाले, 'मोठ्या मुश्किलीनं वाक्य जिभेवर बसलं होतं, मध्ये मराठी बोललो असतो तर सांडलं असतं.' सांडलं असतं म्हणे!… हसू नकोस. मला तेव्हा रडू येत होतं. डॉक्टरांनी टॉर्च मारला, जीभ बाहेर काढायला लावली. तेव्हा कुठे बाबा भडकले. 'अहो दातवाले, मला काही झालेलं नाही! फ्रेंचचा उकार आहे तो! ओठ ऊ-साठी करायचे आणि आतून ई म्हणायचं, त्याला तोंड सरळ ठेवून कसं चालेल?'… नाही गं, डॉक्टर काय बोलणार. 'वरची दाढ एकदा दाखवून जा' म्हणाले आणि गेले."

ताई आता बोलता बोलता स्वयंपाकघरभर नजर फिरवत होती. मघाशी घाईत दिसलंच नव्हतं. फ्रिजवर निळी चिकटपट्टी, खिडकीवर लाल, चाकूच्या मुठीवर निळी. प्रत्येकीवर बाबांचं ते मोत्यासारखं अक्षर. जन्म गेला त्यांचा छापखान्यात मुद्रितं तपासण्यात. लोकांची जास्तीची अक्षरं कापून टाकणं हाच त्यांचा धंदा होता.

"…सांगते काय, सगळ्या घराला पट्ट्या लावल्यात! एरवी आपण यायच्या आधी काढून ठेवतात म्हणे. लाल म्हणजे बाई, निळी म्हणजे बुवा… अगं, लिंग! त्यांच्याकडे प्रत्येक वस्तूला लिंग आहे. टेबल बाई, खुर्ची बाई, पुस्तक बुवा. मी म्हटलं, 'बाबा, टेबल बाई कशी?' तर म्हणाले, 'मिशी आपल्याकडे तरी कुठे पुल्लिंगी आहे? तिकडेही मिशी बाईच आहे. यावर आमचा वर्ग मोठ्यानं हसला होता.'… आमचा वर्ग! हो! वर्गाला जातात! मोठ्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर. मंगळवारी आणि शुक्रवारी… तेच तर! तेच 'फिरायला जातो'! आणि तू मला सांगत होतीस, बाबांचे गुडघे सुधारले, चालणं वाढलंय म्हणून.

"…सगळी कॉलेजची पोरं, एक हॉटेलातला आचारी, आणि आपले बाबा. पहिल्या दिवशी बाईंना वाटलं, कोणाला तरी न्यायला आलेत. खुर्ची दिली बाहेर बसायला… हो, आता पहिल्या बाकावर बसतात. पहिल्यांदा त्या मोबाईलवरच्या धड्यांनी सुरुवात केली होती, पण त्यात म्हणे मांजर सफरचंद खाते आणि घोडा दूध पितो. म्हणाले, 'हे मी कोणाला सांगू?' मग ग्रंथालयातून लहान मुलांची चित्रांची पुस्तकं आणली. मग रेडिओवर त्या सावकाश वाचलेल्या बातम्या, शिकणाऱ्यांसाठी असतात म्हणे, त्या ऐकायला लागले. म्हणाले, 'सावकाश म्हणतात, पण ते सावकाश त्यांचं, माझं नाही.' आणि अक्षरांवर तर काय संताप! एका शब्दात ढीगभर अक्षरं लिहायची आणि निम्मी गिळायची. 'माझ्या हाती मुद्रित आलं असतं तर शेपट्या उडवल्या असत्या' म्हणतात. आकड्यांचं तर विचारूच नकोस. एकोणऐंशी म्हणजे त्यांच्याकडे साठ, दहा आणि नऊ. मी म्हटलं, काय हा द्राविडी प्राणायाम! तर मलाच झापलं. 'आणि आपण काय म्हणतो? ऐंशीला एक कमी! ते काय सरळ आहे?'…"

ती हसत होती. हसता हसता थांबली, आणि दाराकडे बघून तिनं आवाज खाली आणला.

"…का म्हणजे? तेच सांगायचंय तुला. बसलीयेस ना?… छोटे, दादाची मुलगी बाबांना फोन करते.

"…हॅलो?… हो. दादाची. आपल्या दादाची मुलगी… मला काय माहीत! मीही आज ऐकलं. दर रविवारी. गेला हिवाळा संपल्यापासून."

दोघींच्या घरी दादाचे फोटो होते, मोबाईलवर त्याचे मेसेज होते, त्याच्या लेकीच्या वाढदिवसाला दोघी न चुकता शुभेच्छा पाठवत. पण या घरात त्याचं नाव काढायचं नाही, हे ठरूनच गेलं होतं. आई गेली तेव्हा दादाला परदेशातून यायला उशीर झाला होता. विमान चुकलं, दुसरं मिळेपर्यंत सगळं आटोपलं. दारात बॅग घेऊन उभा राहिला तेव्हा बाबा म्हणाले, 'आता कशाला आलास?' तो उंबऱ्यावरूनच परत फिरला. त्यानंतर त्यानं तिकडेच लग्न केलं, आणि पत्रिकासुद्धा पाठवली नाही.

"…नाही, दादाला ठाऊक नाही. त्या पोरीनं स्वतःच केला. दादाच्या मोबाईलमध्ये आपला हा जुना नंबर अजून आहे गं. 'घर' म्हणून ठेवलाय… हो… 'घर'. त्यांच्या लिपीत. तिनं विचारलं, हा शब्द कुठला? तर म्हणाला, जुना नंबर आहे, कोणी उचलणार नाही. म्हणून तिनं लावून बघितला!… लहान मुलं अशीच असतात. बाबांनी उचलला. ती तिच्या फ्रेंचमध्ये भडाभडा बोलली, बाबा 'राँग नंबर' म्हणाले आणि ठेवून दिला. पुढच्या रविवारी पुन्हा. आणि त्या वेळी ती एकच शब्द बोलली. 'आजोबा?'… बाबांनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज… जाऊ दे. 'आजोबा?' एवढंच. तो शब्द तिला कोणी शिकवला असणार, सांग बरं?

"…हो ना… हो… डोळे पूस. मीही तेच करतेय.

"बाबा म्हणाले, 'मी रिसीव्हर धरून उभा. ती बोलतेय, बोलतेय, आणि मला ठो कळत नाहीये. नातीला परत राँग नंबर कसं म्हणू?' म्हणून दुसऱ्याच दिवसापासून शिकायला लागले… ते 'घर'चं सगळं कळायलाच त्यांना कितीतरी महिने लागले. तिनं दहादा सांगितलं, तेव्हा कुठे. पण ती कंटाळत नाही म्हणे. चुकले की हसते आणि म्हणते, पुन्हा.

"…मघाचं? 'तू आ केलाज' म्हणजे तुझं वय काय… अगं, माहीत आहे त्यांना वय! पण ते 'तू' म्हणाले की ती दर वेळी हसते. बाबा म्हणाले, 'आपला तू आणि त्यांचा तू एकच. वाटलं, एक शब्द फुकटात पदरात पडला. आणि तोच सगळ्यांत महाग पडला!' उकार वेगळा ना. तोच घोटत होते आरशासमोर. आज फोन यायची वेळ होत आली होती, आणि मी मध्येच कडमडले.

"…मी विचारलं ना! म्हटलं, 'बाबा, दादाशी बोललात का?' तर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, 'बाईंना विचारलं मी, सुनेला तू म्हणायचं की तुम्ही? त्या म्हणाल्या, आधी तुम्ही म्हणा, ती सांगेल तेव्हा तू. ते जमेल मला. पण मुलाशी काय बोलायचं, ते कुठल्या पुस्तकात देतात?'… हो. असं म्हणाले. आपले बाबा… मलाही खरं वाटत नाहीये.

"…काय?… कोणाला?… मेसेज? तुलाच पाठवला ना मी… थांब. थांब हं. बघते."

ताईनं फोन कानापासून दूर केला, अंगठ्यानं वर सरकवलं. मेसेज तिघा भावंडांच्या गटावर गेला होता. त्याखाली दोन निळ्या खुणा. त्याखाली दादाचा एक शब्द: 'काय?' आणि मग तीन न उचललेले कॉल, बाबांच्या आरडाओरड्यात तिला ऐकूच न आलेले.

"अरे देवा!… छोटे, दादाला गेलाय. दोघांनाही गेलाय!… नाही, मी काहीच कळवलं नाही परत! तो तिकडे… हो, हो, लगेच कळवते, तू ठेव… नको, ठेवू नकोस. काय लिहू? बाबा ठीक आहेत, लिहू? 'ठीक आहेत, फ्रेंच बोलतायत' असं लिहू? त्याला वाटेल, मलाच झटका आलाय!… थांब. बाहेरचा फोन वाजतोय.

"…हो, घरचा. पोरीचाच असेल, त्यांची वेळच आहे ती… बाबा उठले. चालले. थांब, मी दार जरा उघडते…"

फटीतून दिवाणखाना दिसत होता. बाबांनी उभ्या उभ्याच शर्टाची कॉलर नीट केली, घसा खाकरला, ओठांचा चंबू केला आणि रिसीव्हर उचलला.

"…'आलो' म्हणाले. त्यांचं हॅलो असंच असतं… आता ते वाक्य. 'तू आ—' म्हणाले… थांबले… काही बोलत नाहीयेत. नुसते ऐकतायत… मला कसं कळणार, कोण आहे! पाठमोरे आहेत… हात टेकवलाय भिंतीला… शू! बोलू नकोस… अगं, गप्प ना जरा!

"…छोटे.

"…छोटे, बाबा मराठीत बोलतायत.

"…हो. मराठीत. हळू बोलतायत… काय म्हणाले? म्हणाले, 'येतंय रे. येतंय मला बोलता.'…

"…खाली बसले. जमिनीवरच बसले भिंतीला टेकून. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलाय… नाही, मी नाही जात बाहेर. मी ठेवते. ठेवते गं."