उंबरखाचराखालचं जातं

मंडळी, लांबून चालत आलात. बसा, दाटीनं बसा. मला बोलायची सवय न्हाई. त्यातून थोरल्या भावावर बोलायचं, ते त्यो नसताना. कसं बोलावं?

गेनूदादाला एकच खोड. इचारायची. मानमोडीची साथ आली, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. आमी भात लावत व्हतो. दादा म्हनला, “या खाचराला उंबरखाचर का म्हनत्यात रं? हितं तर उंबर न्हाई.” मी म्हनलं, “नावच हाय ते. तू रोप लाव.”

त्यो कसला ऐकतोय! समद्या वाडीला इचारलं. कुनालाच ठावं न्हाई. आपल्याच वाडवडलांनी रान तोडून इंद्रायनीकाठी ही वाडी वसवली, एवढंच आपुन सांगत आलो. मग दादा डोंगर चढून ठाकरवाडीत गेला, चिमामावशीकडं. म्हातारी हसली. म्हनली, “उंबर व्हता की. माझ्या आजीचं खोपाट त्याच्याखाली व्हतं. पूर आला, झाड गेलं, मानसं वर पळाली. पानी वसरल्यावर खाली आली, तर तितं तुमची आऊतं चालत व्हती.”

उन्हाळ्यात दादानं तितं खणलं. कमरेइतकं खोल. चुलीचे दगड निघाले. जात्याची तळी निघाली. मी सोता बघितली. बघितली आन् म्हनलं, “बुजव. कुनाला सांगू नगं.”

त्यानं चावडीवर सांगितलं. केवढा गलका! “जमीन सोडतोस काय?” समद्यांत मोठ्यानं मीच वरडलो. व्हय, मीच. दादा शांत. म्हनला, “जमीन कुनी मागितली न्हाई. पन आपुन पयले न्हाई, एवढं तरी खरं बोला.” आन् नदीवरच्या आसरांची, त्या पान्यातल्या देवींची, पयली वटी, आपल्या घरच्या मानाची, ती त्यानं चिमामावशीच्या हातनं भरली.

सात वर्सं मी त्याच्याशी बोललो न्हाई. बांधाला बांध, आन् सात वर्सं! काय मिळवलं मी?

गेल्या चैतात मीच गेलो. म्हनलं, “दादा, चुकलो.” त्यो काय म्हनला असंल? “ये, बस. मला सांग, त्या म्हातारीच्या आजीच्याबी आदी हितं कोन ऱ्हात असंल रं?”

काल चिमामावशीच्या नातवांनी दादाला खांदा दिला. ती पोरं आज हितं पुढं बसल्यात. त्यांच्या देखत सांगतो. औंदाबी पयली वटी ठाकरवाडीचीच. ज्याला पटत न्हाई, त्यानं माझ्याकडं यावं.

आता उठा, मंडळी. घटकाभर कुनी बोलू नगा.

दादा, राम राम.