कारवाईपूर्वीचा फोटो

नाही हो, खाली कशाला बसता, मावशी, सोफ्यावर बसा — आई घरी नाहीत म्हणून नाही, त्या असत्या तरी मी हेच म्हटलं असतं. म्हणजे, म्हटलं असतं बहुतेक. बेलापूरला गेल्यात, बँकेत, पाचपर्यंत येतील, तोवर आपलं होऊन जाईल. सहापर्यंतच घेतात फेरीवाल्यांच्या परवान्याचे अर्ज, आज शेवटचा दिवस ना. आणि त्या सुविधा केंद्रातल्या माणसाने काय सांगितलं तुम्हाला — आता सगळं ऑनलाइन झालंय, हेलपाटे मारायची गरज नाही — आणि एवढं सांगायला चार हेलपाटे मारायला लावले. हसू नका, खरंच आहे. आणि हे कशाला आणलंत? बोईटं? माझ्यासाठी? अहो, मला साफ कुठे करता येतात, आमच्या फलटणला माशाचं चित्रही घरात लावत नाहीत. जाताना साफ करून देणार? नक्की ना? — बरं मग, ठेवते ओट्यावर.

लिहू या. नाव, गोजरा कमळाकर म्हात्रे. गाव करावे. व्यवसाय मासे विक्री. जागा — आमच्या सोसायटीच्या गेटसमोर, जांभळाखाली. किती वर्षं? बावीस? बिल्डिंग व्हायच्या आधीपासून? आणि त्याआधी काय होतं इथे — मिठागर? तुमच्या सासऱ्यांचं? म्हणजे ही आमची... हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नाही, त्याला रकाना नाही यात. फक्त वर्षं विचारलीयत. बावीस.

मोबाइल नंबर माझा टाकलाय, तुमच्या फोनवर हे पालिकेचं अ‍ॅप चालणार नाही. नाही नाही, इकडे नका बघू, बारीक अक्षरं आहेत, डोळे दुखतील. मीच वाचून दाखवते सगळं.

आधार झालं. तुमचा फोटो झाला — छान आलाय, उगाच पदर सारखा करत होता. आता पुरावा. याच जागी बसत होता त्याचा फोटो हवाय, कारवाईच्या आधीचा, खाली तारीख आणि ठिकाण उमटलेला. आहे? नातीच्या बारशातला नाही चालणार, मावशी, मासे विकतानाचा हवा. आईंकडे? आईंचा फोन फक्त गुड मॉर्निंग पाठवायला आहे. वॉचमनकडे नाही. मीठवाल्या सुनंदाताईंकडे नाही. तुमचं पण खरंय, मासे घेताना कोण फोटो काढेल? माणसं काटे काढून द्या म्हणतात, भाव करतात, जातात. आणि फोटो नसेल तर? — तर अर्ज पुढे सरकतच नाही. हे बघा, दाबतेय मी, जागचं हलत नाही. मशीनच ते, त्याला काय सांगणार, की बावीस वर्षं अख्ख्या सेक्टरने यांच्याकडचे मासे खाल्ले.

पाणी देऊ? थांबा, आणते.

एक फोटो आहे.

नाही, म्हणजे — आहे एक. अ‍ॅपमधूनच काढलेला आहे, त्यामुळे तारीख, वेळ, ठिकाण सगळं आपोआप आलंय. पालिकेची गाडी यायच्या आदल्या दिवशीचा. कोणाकडे म्हणता? ...माझ्याकडे आहे. अहो, माझ्या नवऱ्याची, शौनकची कंपनी आहे ना महापेला, त्यांनी या अ‍ॅपचा थोडा भाग केलाय, तो म्हणाला, एक तक्रार टाकून बघ गं, फोटो नीट जातो का. तपासायला म्हणून. मग मी खिडकीत उभी होते, समोर जे दिसलं त्याचा काढला. बस. सहज. मला वाटलं, पालिकेची तक्रार, तिचं काय होतंय — आईंनी पाण्याच्या प्रेशरची टाकलीय, आठ महिने झाले, अजून 'प्रक्रियेत' आहे. आमच्याकडे नळाला धार नाही आणि तुमच्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाडी! मी इथूनच बघत होते. छत्री उचलली, बर्फाची पेटी उचलली, तुम्ही पाटी धरून ठेवलीत दोन्ही हातांनी. मला वाटलं, खाली जावं. चपलाही घातल्या होत्या.

मग फोन वाजला. 'आपली तक्रार निकाली काढली आहे, आपण समाधानी आहात का?' आणि पाच चांदण्या. मी पाचही दाबल्या. सवयीने, मावशी. रिक्षावाल्यालाही पाचच देते मी.

पाणी घ्या ना, तसंच राहिलंय.

तपासायला होतं, हे खोटं नाहीये. पण शौनक म्हणाला होता, खड्डा असेल, कचरा असेल, त्याचा टाक. खड्डाही होता, गेटशीच. मग तुमचाच का... वास यायचा. सकाळी खिडकी उघडली की वास, नवीन लग्न, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायचे, आईंना ओकारी ऐकू जाऊ नये म्हणून. असं मी स्वतःला सांगितलं. पण वासाची तर सवय झाली होती एव्हाना. तीन महिन्यांत होते. मग? — मग तुम्ही हसलात. तुम्ही आणि आई. त्या खाली उभ्या, पिशवी घेऊन, त्या काहीतरी म्हणाल्या आणि तुम्ही दोघींनी एकदम वर बघितलं, आमच्या खिडकीकडे, आणि हसलात. आदल्या रात्रीच मी सुरमईचं कालवण बिघडवलं होतं. आईंनी ताटावर एक शब्द काढला नव्हता, आणि खाली जाऊन तुम्हाला सांगितलं. म्हणजे, मला वाटलं, सांगितलं. या घरात माझ्याशी त्या 'हो' आणि 'असू दे' एवढंच बोलतात, आणि तुमच्याशी अर्धा अर्धा तास. तेव्हा काढला मी फोटो. दोघी हसताना.

काय सांगत होत्या त्या, मावशी? खरं सांगा, मी नाही वाईट वाटून घेणार.

आठवत नाही?

काहीच नाही आठवत? बघा ना नीट, हा घ्या फोन, हा फोटो — हो, दोन बोटांनी मोठा होतो, तुम्हाला येतं की — हे तुम्ही, ह्या आई. आता आठवलं? ...दिवसाला शंभर जणींशी हसता. हो. बरोबर आहे. गिऱ्हाईकाशी हसावंच लागतं.

एवढा वेळ काय बघताय? छत्री? ती नाही परत दिली त्यांनी? मला वाटलं, देतात.

जोडायचा का हा फोटो, ते तुम्ही सांगा. जोडला तर अर्ज जाईल, पण आईंनी तो कधी बघितला तर खिडकी कोणाची ते त्यांना लगेच कळेल, तिसऱ्या मजल्यावरून असा कोन दुसऱ्या कोणाचा येत नाही. आणि नाही जोडला तर अर्ज राहिलाच. आईंना मी स्वतः सांगेन. आज नाही. सांगेन पण.

जोडू? मान हलवलीत ना? हो म्हणूनच?

गेला. हा नंबर आलाय अर्जाचा, वहीच्या पानावर लिहून देते, जपून ठेवा. आता परत चांदण्या विचारतंय. किती देऊ?

मावशी?

बसा ना, चहा टाकते. बरं, चहा नको. पण ती ओट्यावरची बोईटं — तुम्ही साफ करून देणार होतात ना जाताना...

बरं.

दार ओढून घ्या.