निळे ड्रम, हिरवी लाइट

…हिरवी हाय हो ताई, हिरवीच हाय, सकाळपासून बघून राहिलो, हिरवीची लाल काही होईना! पण कस्टमर केअरच्या ताईचं आपलं एकच, "सर, लाइट हिरवी आहे ना? मग नेट चालू आहे." अन् असं गोड बोलते की आपल्यालाच वाटायला लागतं, नेट चालूच हाय, आपलंच डोकं बंद पडलंय. तुम्हाला सांगतो, माणसानं लातुरात बोअर मारावं, खडक फोडावा, पण वायफायच्या भानगडीत पडू नये.

मी मृत्युंजय. बोअरची एजन्सी हाय माझी, गुरुपादप्पा मालकाच्या कॉम्प्लेक्सात, दुसऱ्या माळ्यावर. माळ्यावर ऑफिसं चार अन् नेट एक, मालकाचं. "सगळे मिळून वापरा लेकरांनो," म्हणाले, मोठं मन, न्हाई कशाला म्हणू? पण राउटर बसवला कुठं? पॅसेजच्या टोकाला, भिंतीतल्या हातभर उंचीवरच्या कोनाड्यात, त्याला जाळीचं दार, दाराला कुलूप, अन् किल्ली मालकाच्या करदोट्याला! कामून? तर ती ईशान्य दिशा, तिथून लक्ष्मी येते, अन् आलेली लक्ष्मी कोणी काढून नेऊ नये. बरं, त्याच ईशान्येला, त्याच कोनाड्याला टेकून, तीन निळे ड्रम. पाण्याचे. ते कामून? तर वास्तूत पाणी बी ईशान्येलाच लागतं. आता आमच्याकडं नळ येतो आठ-दहा दिवसाला, आला की मोटर लावायची अन् ड्रम गळ्यापर्यंत भरून घ्यायचे, हे काय आम्हाला कोणी शिकवावं लागत न्हाई.

तर नेट. चाललं तर घोड्यावानी, अन् बसलं की बसलं. शेजारच्या दामिनी मॅडम, टॅक्सचं काम करतात, लई हुशार बाई, त्या म्हणाल्या खालच्या क्लासची पोरं पासवर्ड चोरून क्रिकेट बघतात. बदलला पासवर्ड. पोरांना दुसऱ्या दिवशी सापडला, आम्हीच विसरून बसलो! मालक म्हणाले नजर लागली. राउटरला विभूती लावली, लिंबू-मिरची बांधली. कंपनीत तक्रार केली की चार-पाच दिवसांनी हरिओम यायचा, टेक्निशियन, पोट म्होरं अन् पिशवी मागं. अन् तो आला की नेट असं पळायचं, असं पळायचं की आम्हीच खोटे. "लाइट हिरवी हाय ना साहेब? मग?" असं म्हणून आमच्याच ड्रमातलं दोन तांबे पाणी तोंडावर मारून, एक तांब्या पिऊन निघून जायचा. आता मी, जमिनीखाली दोनशे फुटांवरचं पाणी सांगणारा माणूस, पण डोळ्याम्होरचं पाणी मला दिसलं का? न्हाई दिसलं!

हे सगळं चाललं असतं हो. पण मधी आली सुकन्याची मुलाखत. सुकन्या म्हणजे माझी पोरगी, इंजिनिअर झालेली, वर्ष झालं घरी हाय. आमचं घर शिरूर अनंतपाळला, स्थळं येऊन राहिली, घरात सगळ्यांचं एकच, उरकून टाका. ती मला म्हणाली, "पप्पा, बेंगळुरूच्या कंपनीची एक मुलाखत देऊ द्या. न्हाई जमलं तर तुम्ही म्हणाल त्या स्थळाला हो म्हणते." खरं सांगतो, मला पोरीला इतक्यात द्यायचं नव्हतं, पण घरात माझं ऐकतं कोण? अन् मुलाखत नेटवर, शिरूरला रेंजचा पत्ता न्हाई, म्हणून तिला आणलं ऑफिसात. मोबाईलची रेंज? ती आमच्या बिल्डिंगीत फक्त गच्चीवर येते, अन् मे महिन्यात भर दुपारी लातूरच्या गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसंल का पोरगी?

मुलाखतीच्या दिवशी सकाळी ऑफिसात बसून पोरीनं मैत्रिणीला कॉल लावून बघितला, चकाचक! माझा जीव भांड्यात पडला. अन् तेवढ्यात खालून आरोळी आली, नळ आला!

आता नळ आल्यावर लातूरकर बसून राहतो का? भरायची पाळी माझी. मोटर लावली, पाइप घेऊन पॅसेजात उभा राहिलो. पहिला ड्रम भरत आला तशी आतून सुकन्या म्हणते, "पप्पा, रेंजची एक दांडी गेली." म्हणलं येईल. पाइप दुसऱ्यात टाकला, तो भरला, "पप्पा, दुसरी बी गेली." तिसरा भरला. "पप्पा, नेटच गेलं!" मी जाळीतून वाकून बघितलं… लाइट हिरवी हाय! मग ड्रमाकडं बघितलं. कोनाड्याकडं बघितलं. पुन्हा ड्रमाकडं. अन् तुम्हाला सांगतो, पायाखालची फरशी सरकली. नेटला पासवर्ड नको, लिंबू नको, हरिओम नको… म्होरं पाण्याची भिंत उभी करून आम्ही पलीकडून हाका मारून राहिलो होतो! चार-पाच दिवसांत ड्रमातलं पाणी खाली जायचं, तवा नेट यायचं, अन् नेमका तवाच हरिओम यायचा.

ड्रम ढकलून बघितला. भरलेला ड्रम हलतो का? मालकाला फोन लावला, किल्ली पायजे. मालक गेलेले देवणीला, बैल बघायला. "येन आयतु? काय झालं?" सांगितलं. म्हणाले, मी आलो की बघू, तवर नारळ फोड. म्हणलं, पोरगी थांबंल, कंपनी थांबायची न्हाई, ड्रम रिकामे करू का? फोनवर बैलाची घंटी ऐकू आली. मग हळूच म्हणाले, "लातुरात राहून पाणी फेकतो तू?"

बरोबर हाय त्यांचं. रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं गाव हे. माझा हात काही धजेना. आत पोरगी, बाहेर पाणी, अन् मधी मी, बोअरवाला!

मग दामिनी मॅडमनं ओढणी खोचली अन् म्हणाल्या, फेकायचं कशाला, कूलर हायत की. चारी ऑफिसांचे कूलर भरले. बादल्या भरल्या, बाटल्या भरल्या, कचऱ्याचे डबे धुऊन भरले, क्लासच्या पोरांना वर बोलवून पोटभर पाणी पाजलं, पोरं म्हणाली काका, आज कोणता सण? तिन्ही ड्रमातलं पाणी कोनाड्याच्या खाली गेलं अन् आतून आवाज आला, "पप्पा, आली." मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते बी फेकलं न्हाई, पुसून घेतलं.

मुलाखत झाली. त्या साहेबानं मधीच विचारलं म्हणे, मागं कसला आवाज येऊन राहिला? ही म्हणाली, सर, पाणी भरणं चाललंय. तर तो बेंगळुरूचा, टँकरच्या पाण्यावरचा माणूस खुर्चीत म्होरं सरकला, "तुमच्याकडं पाणी आलंय?" तिथून जे दोघं बोलत बसले, ते अर्धा वेळ पाण्यावरच!

अन् लागली की हो पोरगी! मी पेढे वाटले, स्थळं गप झाली. मालकानं श्रेय दिलं नारळाला, जो मी फोडलाच न्हाई. मी म्हणलं, मालक, आता राउटर हलवा न्हाई तर ड्रम हलवा. मालकानं करदोटा चाचपला, लई विचार केला, अन् मला म्हणाले, "तूच सांग, लक्ष्मी हलवू का गंगा?"  तर दोन्ही अजून तिथंच हायत.

अन् कंपनी म्हणते, बेंगळुरूला यायची गरज न्हाई, घरूनच काम करा. घरी शिरूरला रेंज न्हाई. म्हणजे पोरगी रोज माझ्या ऑफिसात. आता नळ आला की तिची सुट्टी. आज आलाय. तिन्ही ड्रम गळ्यापर्यंत. म्हणून फोन लावला ताईला, उगं, सवयीनं. ती म्हणाली, लाइट हिरवी आहे ना सर? म्हणलं, लाइट हिरवी हाय, ड्रम निळे हायत, पोरगी सुट्टीवर हाय. तर म्हणते, "आणखी काही मदत करू का, सर?"

म्हणलं, हाव ताई. येताना घागर घेऊन या.