ढासळलेल्या कड्याची पोती

नाही नाही, ती पोती तिथंच राहू द्या साहेब. ट्रकवाल्याला म्हणावं, थांब जरा. तुम्ही कालच आलात इथं, म्हणून सांगते. बसा — त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं. हां. आता ही माती बघा — पाण्यात भिजवायची, चाळणी हलकेच हलवायची, घासायची नाही — गाळ जातो, खडे राहतात, खड्यांत दात. माणूस जन्माला यायच्या आधीच्या जनावरांचे. हा काळा दिसतोय ना, तिळाएवढा? चिचुंद्रीसारखं काहीतरी होतं म्हणे. म्हणे म्हणजे मोठे साहेब म्हणतात, मला कुठलं वाचता येतंय. हाडांचा भुगा होतो, दात तेवढा टिकतो. कित्येकांचं दातापलीकडं काही सापडलंच नाही. तरी त्यांना नाव आहे, डबी आहे, डबीत कापूस आहे. व्यवस्था चोख आहे.

काय म्हणालात? मिसळलेली? ठाऊक आहे. कडा ढासळला की वरची माती खाली, खालची वर — कुठला दात कुठल्या काळचा, कोण सांगणार? म्हणून ही फेकायची. बरोबरच आहे तुमचं, मी कुठं नाही म्हणते. मला काळ नकोच आहे.

त्या कड्याखाली माझा मुलगा खणत होता. सांगितलं नाही का कुणी? तिघं होते, दोघं पळाले. पाऊस थांबेना, शोधणारे दमले — मीच म्हटलं, जा बाबांनो, तुम्हालाही पोरंबाळं आहेत. मग यंदा यंत्र आलं, उकरलं, पोती भरली. यंत्राला काय कळतंय. नाही हो, रडत नाहीये, गार पाण्यात हात असला की नाक गळतं. सून म्हणते, तो तिथं नव्हताच — सकाळी भांडून गेला होता, कुठंतरी दुसरं बिऱ्हाड थाटलं असेल मेल्यानं. त्याच्या शर्टाला अजून इस्त्री करते आणि करता करता शिव्या घालते. अशा घालते, की मला हसू येतं. नातू विचारतो, आजी, बाबा कुणाकडं राहतात? मी काय सांगू? पुढचा दात तुटका होता त्याचा, सायकलवरून पडला होता लहानपणी. असा तिरका. तेवढा मिळाला, की सुनेच्या हातावर ठेवीन म्हणते. निदान इस्त्री तरी थांबेल.

आणि नाही मिळाला — सगळी पोती धुऊन झाली आणि नाहीच मिळाला, तर सून खरी ठरली. मग असेल कुठंतरी, खात असेल, पीत असेल, दुसरीशी भांडत असेल. खरं सांगू? रोज हेच म्हणत चाळणीत हात घालते. नसू दे, म्हणते. आई असून असं शोधते मी.

काय? आजच न्यायची? वरून सांगितलंय? बरं. मग न्या. तुमच्या हातात तरी काय आहे. चाळणीतली एवढी राहू द्या, ती भिजलीय.

बाजूला व्हा साहेब, उजेड अडतोय.