मानलेला भाचा

परळला रॉकेलच्या रांगेत द्वारकाबाई उभी होती. लेकीच्या बाळंतपणाला गावी जायचं, तर खोली बंद दिसली की मालक कुलूप तोडणार. म्हणून तोवर एका गिरणी कामगाराला ठेवायचं ठरलं होतं. चावीसाठी तो इथेच येणार होता. पुढे दोन बायका बोलत होत्या.

"मग हाकल ना त्याला, जाईबाई."

"कसा हाकलू? दोन महिन्यांसाठी ठेवला. मालकाला पोटभाडेकरू चालत नाही, म्हणून मीच चाळभर सांगितलं, माझा भाचा आहे."

"बरं, मग?"

"मग आता तोही तेच सांगतो. मावशीचं घर सोडून भाचा जाणार कुठे, म्हणतो. वर बायको आणली. ती मला सासूबाई म्हणते नि मोरीपाशी निजवते."

"शेजारी काय करतात?"

"मलाच बोलतात. म्हातारीला आपलं रक्त जड झालं म्हणे."

"संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तर पुढे असतो मेला."

"असतो ना. तिकडे मुंबई आमची, घरी आला की खोली आमची."

तेवढ्यात तो कामगार हसत आला.

"मावशी, चाळीत विचारलं तर भाचा म्हणून सांगू ना?"

द्वारकाबाईने चावी कनवटीला खोचली.

"खोली मिळाली नाही म्हणून सांग. लेकीला मी इकडेच आणते."